पत्तीची टिक

गोरक्षची गिटार काय होती, असं आता सगळेच म्हणतात. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की गोरक्ष चांगला जिवंत आहे. मखमलाबादच्या मळ्यात भावाबरोबर गुलाब कापतो, वेळच्या वेळी जेवतो आणि गिटारीला हात लावत नाही. का लावत नाही, ते त्याला आणि मला माहीत आहे. त्याच्या बायकोला निम्मं माहीत आहे. बाकीचे विचारतात तेव्हा मी 'वय झालं' म्हणून मोकळा होतो. आजवर पुष्कळ खोटं बोललो, त्यात आणखी एक.

मी पुंजाराम. नाशकात रविवार कारंज्याजवळ माझं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. सभा, लग्नं, गणपती यांना स्पीकर भाड्यानं देतो, आणि सतरा वर्षं मी 'मधुरंग' ऑर्केस्ट्राच्या मिक्सरवर बसलो. गाणारे, वाजवणारे, सगळ्यांच्या वायरी ज्या पेटीत येतात तो मिक्सर. कुणाचा आवाज किती, कसा, हे त्या पेटीवर बसणारा ठरवतो. कार्यक्रम चांगला झाला तर हार कलाकारांना, आणि स्पीकरनं शिट्टी मारली की शिव्या मला. त्याची मला सवय होती.

गोरक्ष सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. आठ तास पत्र्यावर धाड धाड ठोके. घरचे सगळे मळेवाले. गुलाब, शेपू, मेथी. त्या घरात गिटार आली ती देवळाली कॅम्पातून. बदली होऊन निघालेल्या एका फौजीनं ती याला देऊन टाकली. याचे वडील म्हणाले होते, "त्यात बी पेरून बघ, उगवलं तर ठेव." गोरक्षनं ती ठेवली. शिकवणारा कुणी नव्हता. रेडिओ ऐकून शिकला आणि माझ्या माहितीतल्या कुठल्याही शिकलेल्या माणसापेक्षा बरा वाजवायला लागला.

पण वाजवणं एक आणि आवाज एक. इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज निम्मा बोटांत असतो, निम्मा अँप्लिफायरमध्ये. गोरक्षचा अँप्लिफायर एका बंद पडलेल्या तंबू टॉकीजमधला, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा. दोघांनी उचलावा लागे. चालू केल्यावर दोन मिनिटं तापायचा, मग बोलायचा. आणि बोलायचा असा, की घोटीच्या बाजारपेठेत गणपतीत कार्यक्रम असला की भाताचे व्यापारी दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहायचे. जाड, ऊबदार सूर, आणि त्या सुराच्या तोंडाशी एक बारीकशी टिक.

ती टिक म्हणजे तार छेडणाऱ्या पत्तीची. गोरक्ष पत्त्या विकत घेत नसे. साबणाच्या डबीचं झाकण कापून स्वतः बनवायचा. त्याची आवाज लावायची रीत एकच. ट्रेबल, म्हणजे आवाजातली धार, शून्यावर न्यायची आणि तार छेडत हळूहळू वाढवायची. पत्तीची टिक ऐकू आली की तिथं थांबायचं. "टिक आली की सूर पुरा झाला," म्हणायचा. "त्याच्या अलीकडं मुका, पलीकडं भांडखोर." मी बघितलंय, पन्नास कार्यक्रमांत त्याचा नॉब पन्नास वेळा त्याच जागी थांबायचा. माझ्याकडचं मीटरसुद्धा इतकं सरळ चालत नसे.

एकदा मी त्याला सहज म्हटलं, "कशाला एवढं जपतोस रे? लोकांना गाण्याशी मतलब." तो चिडला नाही. म्हणाला, "पुंजा, कारखान्यात माझा नंबर हाय, नाव नाय. घरी मी धाकला. ह्यो आवाज हाय म्हणून लोक गोरक्ष म्हणून वळखतात. हा गेला तर मी नुसता प्रेसवाला." मी हसलो होतो तेव्हा.

सत्त्याण्णव साली इगतपुरीला कार्यक्रम होता, रेल्वेवाल्यांच्या हॉलमध्ये. इगतपुरीचा पाऊस म्हणजे भिंतींनाही घाम. दमट हवेनं अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर मध्येच जळाला. मी तो दुकानात आणून नव्या तारेनं पुन्हा गुंडाळला. चार वेळा गुंडाळला. वाजायला लागला, पण तो आवाज काही आला नाही. पुढे व्हॉल्व्हही मिळेनासे झाले. गोरक्ष एका शब्दानं बोलला नाही, मला मात्र ते लागून राहिलं. जगाचे अँप्लिफायर दुरुस्त करतो आणि मित्राचा एक होत नाही. मग तीन-चार वर्षं तो माझ्याच एका ट्रान्झिस्टरच्या डब्यावर वाजवत राहिला आणि तोंड पाडून घरी जात राहिला. तोवर कीबोर्डवाल्यांची चलती सुरू झाली होती. कानामागून आली आणि तिखट झाली.

दोन हजार एकमध्ये त्याच्याकडे तो डबा आला. परदेशी निघालेल्या मुंबईच्या एका वादकाचा. विटेएवढा, लाल, वर आठ-दहा नॉब. आम्ही त्याला प्रोसेसर म्हणायचो. त्याच्या पोटात वीस-पंचवीस विलायती अँप्लिफायरांची नक्कल भरलेली. गिटारीची वायर त्यात घालायची, हवा तो अँप्लिफायर निवडायचा आणि पलीकडून तो आवाज घ्यायचा. खरा अँप्लिफायर नकोच.

पहिल्याच कार्यक्रमात फजिती झाली. घरी हेडफोन लावून यानं एकेक आवाज निवडला होता. कंपनीनं भरून दिलेले, घुमारेदार, एकेक असा की राजवाड्यात बसल्यासारखं वाटावं. स्टेजवर त्याच आवाजाची पिठलं-भाकर एक झाली. गिटार कुठं आहे तेच कळेना. दुसऱ्या कार्यक्रमाला यानं डबा माझ्या जुन्या अँप्लिफायरला जोडला, म्हणजे नकली अँप्लिफायरच्या डोक्यावर खरा बसवला. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज आला. ऑर्केस्ट्राचे मालक म्हणाले, "गोरक्षराव, यापेक्षा बँजो घ्या."

मग आम्ही दोघं माझ्या दुकानात बसलो. तीन आठवडे, त्याची पहिली पाळी सुटली की दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. माझ्याकडे घोटीच्या जुन्या कार्यक्रमाची एक कॅसेट होती, त्या टॉकीजच्या अँप्लिफायरवर वाजवलेली. ती लावायची, ऐकायची, बंद करायची, मग डब्यावर तेच वाजवायचं. आधी घुमारा सगळा काढून टाकला. मग आवाज फाटवणारा गेन निम्म्याखाली आणला, कारण हेडफोनात जे भारदस्त वाटतं ते मोठ्या स्पीकरवर चिखल होतं. मधले सूर वाढवले; गिटार राहते तिथंच. डब्याच्या मागे एक बारीक बटण होतं, स्पीकरच्या पेटीची नक्कल चालू-बंद करणारं. थेट मिक्सरला जोडताना ते चालूच हवं, हे आम्हाला अकराव्या दिवशी कळलं. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि आम्ही दोघंही उंटावरचे शहाणे. सगळ्यात शेवटी हेडफोन फेकून दिला आणि कार्यक्रमात असतो तेवढ्या मोठ्या आवाजात, स्टेजच्याच स्पीकरवर लावायला सुरुवात केली. शेजारचा घड्याळवाला भांडायला आला तो ऐकत उभाच राहिला.

त्या दिवशी गोरक्षनं ट्रेबल शून्यावर नेली आणि हळूहळू वाढवली. पाचवर टिक आली. मी कॅसेट लावली, त्यानं तेच वाजवलं, आणि मला सांगता येईना कुठलं कुठलं. गोरक्ष रडला. मीही रडलो, लाजायचं काय त्यात. त्यानं माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: गेन चार, बेस तीन, मिडल सात, ट्रेबल पाच.

पुढची दोन वर्षं तो पुन्हा गोरक्ष होता. मग दोन हजार तीनच्या गणपतीत मी पाहिलं, डब्यावरची ट्रेबल सहावर होती.

वाटलं, धक्का लागला असेल. दिवाळीत सातवर गेली. समोरच्या खुर्च्यांवरची माणसं कानाशी हात नेऊ लागली. मी काय केलं? माझ्या मिक्सरवर त्याच्या वायरीपुरता ट्रेबलचा नॉब होता, तो खाली घेतला. आवाज पुन्हा जागेवर आला. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर गोरक्षनं लांबून विचारलं, "टिक येत होती का रं?" मी मान हलवली.

ऑर्केस्ट्रात एक रीत आहे. स्टेजवर चढणाऱ्याला 'छान' सोडून दुसरं काही म्हणायचं नाही. गळा बसलेला असो, तार उतरलेली असो. चढणाऱ्याचा धीर जाता कामा नये. रीत चांगली आहे, पण ती चढताना पाळायची असते. मी ती उतरल्यावरही पाळली, घरीही पाळली, चार वर्षं पाळली.

एकदा कला वहिनी, गोरक्षची बायको, मेथीची जुडी घेऊन दुकानात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, ह्यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाय. मी दुसऱ्या खोलीत असले तर भात करपतो. प्रेसनं कान गेले, का ह्या वाजवण्यानं, काय म्हाईत. डॉक्टरकडं चला म्हणते तर वसकन अंगावर येतात. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते." मी 'सांगतो वहिनी' म्हणालो. मेथी घेतली. सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? त्याचं मन मोडेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. 'आवाज गेला तर मी नुसता प्रेसवाला' हे त्याचं बोलणं माझ्या डोक्यात होतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खरं लिहायला बसलोय तर पुरतं लिहितो. मला त्यात मजा येऊ लागली होती. जो आवाज मला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणता आला नाही, तो आता माझ्या बोटावर होता. लोक गोरक्षला टाळ्या द्यायचे आणि मी अंधारात बसून त्यातल्या निम्म्या मनातल्या मनात घ्यायचो. नीच माणूस मी.

याहून वाईट पुढे आहे. वादकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्या पायाशी एक स्पीकर ठेवतात, मॉनिटर. माझा मिक्सर साधा होता. मी ट्रेबल कापली की ती मॉनिटरमधूनही कापली जायची. म्हणजे गोरक्षच्या कानाला आधीच कमी येणारी टिक मी आणखी पुसत होतो. मग तो डब्यावर वाढवायचा, मी मिक्सरवर कमी करायचो. तो आठ, मी खाली. तो नऊ, मी आणखी खाली. आणि तरीही टिक येईना म्हणून तो हातानं खूण करायचा, मॉनिटर वाढव. मी वाढवायचो. त्याच्या कानापासून चार हातांवर तो स्पीकर दर कार्यक्रमाला थोडा जास्त ओरडायचा. प्रेसनं त्याचे कान किती नेले आणि मी किती नेले, याचा हिशेब कुठलाही डॉक्टर देणार नाही.

दोन हजार सातमध्ये गंगापूर रोडच्या एका प्राध्यापकांनी भावगीतांची सीडी करायचं ठरवलं. त्यांना 'मधुरंगची ती गिटार' हवी होती. गोरक्षचं नाव पहिल्यांदा कुठंतरी छापून येणार होतं. नवा शर्ट शिवला त्यानं. "तू चल," म्हणाला मला. घोटीला त्याच दिवशी सभा होती, स्पीकर मला लावायचे होते. सभा दुसऱ्या कुणाला देता आली असती. मी दिली नाही, कारण स्टुडिओत मिक्सरवर दुसरा माणूस असणार आणि मला तिथं असायचं नव्हतं. आदल्या संध्याकाळी गोरक्ष दुकानात आला तेव्हा जिभेवर आलं होतं माझ्या. तो म्हणाला, "छान व्हईल ना रं?" मी म्हणालो, "छान होईल."

स्टुडिओत महेश नावाचा तरुण होता रेकॉर्डिंगला. भला पोरगा. नंतर त्यानंच मला फोनवर सगळं सांगितलं. गोरक्षनं डबा जोडला, ट्रेबल दहावर. पहिला सूर वाजला आणि गाणाऱ्या बाईंनी हेडफोन काढून टाकला. महेश म्हणाला, "काका, धार थोडी जास्त होतेय." गोरक्ष म्हणाला, "हाच माझा आवाज. चार वर्षं ह्याच्यावर टाळ्या घेतोय." महेशनं तोच तुकडा सगळ्यांना मोठ्या स्पीकरवर ऐकवला. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. गोरक्ष एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला त्यात काहीच टोचत नव्हतं. मग महेशनं कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख दाखवला. वरच्या सुरांची भिंतच उभी होती. त्या भल्या पोरानं समजूत घालायची म्हणून म्हटलं, "काका, तुमचे साउंडवाले तिकडे मिक्सरवर कापत असतील ना, म्हणून तुम्हाला कळलं नसेल."

गोरक्षनं वायर गुंडाळली आणि निघून आला. सीडीत गिटार कीबोर्डवर वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला, कारखान्याच्या कपड्यांतच. मी सोल्डरिंग करत होतो. समोर उभा राहून त्यानं विचारलं, "कधीपास्नं?"

मी म्हणालो, "तीनच्या गणपतीपासून."

"दर टायमाला?"

"दर वेळी."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला. हातातली पत्ती बोटांत फिरवू लागला. मग म्हणाला, "त्याच दिशी सांगितलं असतंस, तर मी तुझ्या कानानं लावला असता आवाज. तू टिक ऐकली असती, मी वाजवलं असतं. मला काय लाज हुती तुझी?"

हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट. मी तोंड उघडलं, पण त्यानं हात आडवा केला. "एकच सांग," म्हणाला. "ही चार वर्षं लोकांनी टाळ्या कुणाला वाजवल्या? मला का तुला?"

मी म्हणालो, "तुला रे गोरक्ष, तुलाच." त्यानं मान हलवली, माझ्यासारखी, आणि गेला.

मधुरंग त्यानं सोडला. पुढच्या वर्षी कारखानाही सोडून मळ्यात जाऊ लागला. मी दोनदा मखमलाबादला गेलो; चहा मिळाला, गुलाब मिळाले, बोलणं मिळालं नाही.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये, दुपारची वेळ, दुकानासमोर त्यांची मोपेड थांबली. मागे कला वहिनी, त्यांच्या मांडीवर फुलांची पाटी आणि पाटीत फडक्यात गुंडाळलेला तो लाल डबा. गोरक्ष थकला होता, पाठीला गिटार होती. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लय दिसांनी स्वतःहून म्हणाले, पुंजाकडं जाऊ. नीट लावून द्या एकदा. घरी वाजवतील तरी." आणि त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

बिलबुक शोधलं, मागचं पान होतं. गेन चार, बेस तीन, मिडल सात. ट्रेबल शून्यावर ठेवली. मिक्सर मध्ये घेतलाच नाही. डबा सरळ स्टेजच्या स्पीकरला जोडला, त्याच्या डोळ्यांसमोर, म्हणजे माझा चोरटा हात कुठंही नको. गोरक्ष तार छेडत राहिला आणि मी नॉब वाढवत राहिलो. तो नॉबकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. एक, दोन, तीन. पाचाला टिक आली. सुराच्या तोंडाशी, बारीक, स्वच्छ. टॉकीजचा अँप्लिफायर, घोटीची बाजारपेठ, सगळं त्या एका टिकेत परत आलं. शेजारचा घड्याळवाला दारात येऊन उभा राहिला.

मी मान हलवली आणि हात वर केला. गोरक्ष थांबला.

"आली?"

"आली," मी म्हणालो. "गोरक्ष, देवाशपथ आली. तेव्हाच्यासारखी."

त्यानं पुन्हा एकदा तार छेडली, डोकं थोडं तिरकं करून. वाट पाहिली. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आईनं ताप आलेल्या पोराकडे बघावं तसं, अगदी मायेनं. राग असता तर मी सोसला असता.

"तू तवाबी अशीच मान हलवायचास," तो म्हणाला.

त्यानं वायर काढली, गुंडाळली, गिटार पाठीला लावली. डबा उचलला नाही. "राहू दे तुझ्याकडं," म्हणाला, आणि पत्ती तेवढी खिशात टाकली. मी मागोमाग दारापर्यंत गेलो. घड्याळवाल्याला म्हणालो, "अरे तू तरी सांग त्याला." घड्याळवाला म्हणाला, "एक नंबर, गोरक्षभाऊ, एक नंबर." पण तो काय, त्या चार वर्षांतही हेच म्हणायचा.

कला वहिनी पायरीवरून उठल्या. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारलं, "लागला का आवाज?"

गोरक्षनं मोपेड स्टँडवरून काढली. "छान लागला," तो म्हणाला, "असं पुंजा म्हणतो."